चोवीस नितळ बाटल्या

१

नर्मदाबाईंनी लाकडी खोक्याचं झाकण काढलं आणि पहिली बाटली खिडकीकडं धरली. बाटलीतून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, पान न् पान. दुसरी तशीच. तिसरी तशीच. ढवळ्या नाल्याला कधी नव्हे एवढा पूर आलेला, पूल बुडायचा तेवढा राहिलेला, आणि त्या पुराच्या चोवीस बाटल्यांत चिमूटभर माती नाही!

"बन्सी, हे काय रे?" बाईंनी विचारलं.

"चोरी," मी म्हणालो. "मातीची चोरी."

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट ही. परभणीला आमचं माती-पाण्याचं एक केंद्र होतं. तीन खोल्या आणि एक जीप, तीही ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. काम एकच. पावसात शेतातली माती आणि खत किती वाहतं, नाल्यानं येलदरीच्या जलाशयात किती जातं, ते मोजायचं आणि पुढच्या सालचं आधी सांगायचं. आता पोरं संगणकावर बटन दाबतात आणि चहा प्यायला जातात. आम्ही पाऊस, उतार, पीक, बांध असं सगळं आलेखाच्या कागदावर मांडायचो, आणि एका नाल्याचं गणित सुटायला आठवडा लागायचा. कमरेचा काटा ढिला व्हायचा, पण गणित जुळलं की सणासारखं वाटायचं. 

ते गणित माझं होतं, आणि मला त्याचा माज होता. सत्तावीस वर्षांचं वय, माज नसेल तर काय! माझा कागद सांगत होता, त्या पुरात लिटरमागं सरासरी आठ ग्रॅम माती असायला पाहिजे. बाटल्या म्हणत होत्या, शून्य.

नर्मदाबाई प्रयोगशाळेत सहाय्यक होत्या. पोखर्णीच्या, पन्नाशीच्या, तोंडात सुपारी आणि जिभेला धार. त्यांनी चोवीस बाटल्या तपासल्या. संध्याकाळी माझ्यासमोर कागद टाकला.

"युरियाचा नत्र आहे पाण्यात. स्फुरद मात्र औषधालाही नाही. आणि चोवीसच्या चोवीस बाटल्यांत आकडा एकच."

"झालं तर मग!" मी टेबलावर हात आपटला. "पूर चढतो, उतरतो. सकाळची बाटली आणि संध्याकाळची बाटली सारखी कशी असंल? एकाच विहिरीतून भरल्यात सगळ्या. आणि युरिया आता विहिरींत पण उतरायलाय."

"आणि चोविसावी बाटली अर्धीच का?"

"कंटाळला असंल भरून भरून."

 मी तडक केंद्रप्रमुख व्यंकटराव साहेबांच्या खोलीत गेलो आणि नाव सांगून आलो.

२

नाव लिंबाजीचं होतं. ढवळ्याच्या पुलावरून दर अर्ध्या तासाला लोखंडी पिंजऱ्यात लिटरची बाटली घालून, दोर सोडून पाणी भरायचं आणि एस.टी.नं परभणीला धाडायचं, हे त्याचं काम. आठ वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करायचा हुकूम टाइप होऊन व्यंकटराव साहेबांच्या टेबलावर पडला होता, फक्त सही बाकी. साहेबांनी माझं ऐकून तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

"खोटे नमुने असतील तर कायम सोडा, रोजंदारी पण बंद," ते म्हणाले. "बोलवा त्याला."

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते ते. गावागावांत माणसं एकमेकांशी मोजून बोलायची. लिंबाजी बौद्ध. त्याचं पहिल्या गावातलं घर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जळालं, तेव्हापासून तो जिंतूरच्या वरच्या अंगाला बायकोच्या गावी राहत होता. तो ते कधी काढायचा नाही आणि आम्हीही विचारायचो नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. पन्नाशीचा माणूस, धुतलेलं धोतर, अंगात कणकण. साहेबांनी एक बाटली पुढं केली.

"लिंबाजी, हे पुराचं पाणी आहे?"

त्यानं बाटली हातात घेतली, उजेडात धरली. एकदम त्याचा चेहरा उतरला. मी बघत होतो, मला वाटलं, सापडला बेटा! त्यानं बाटली टेबलावर ठेवली.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "विहिरीचं हाय. मीच भरलं. ताप भरला व्हता, पुलावर गेलोच न्हाई."

"कबूल?"

"कबूल."

मला इतका आनंद झाला की आज लाज वाटते. माझं गणित खरं ठरलं होतं ना!

तो बाहेर आला तेव्हा नर्मदाबाईंनी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. कप धरताना तो कळवळला. बाईंनी त्याचे हात उलटे केले. दोन्ही तळहातांची साल निघालेली, आडवे लाल वळ.

"हे कशानं हो, लिंबाजी?"

"काम करताना झालं, बाई."

"विहिरीतनं चोवीस बाटल्या भरून असे हात होत नसतात. दोन-तीन घागरी ओढल्या की चोवीस बाटल्या होतात."

लिंबाजीनं हात मागं घेतले. चहा अर्धाच ठेवला आणि फाटकाकडं चालायला लागला.

"बन्सी," बाई माझ्याकडं वळल्या, "तो माणूस खोटं बोलायलाय."

"तेच तर मी कालपासून सांगायलोय."

"अरे खुळ्या! त्यानं चोरी केली हे खोटं बोलायलाय."

३

फाइल बंद करायला विहिरीच्या पाण्याचा एक नमुना लागत होता. तेवढं निमित्त करून बाईंनी मला सोबत घेतलं. पिशवीत पुराच्या पाण्याची एक बाटली आणि अंगाच्या साबणाची वडी.

"साबण कशाला?"

"आंघोळ करायला. तुझ्या अकलेची."

जिंतूरला गाडी बदलून आम्ही ढवळ्याच्या फाट्यावर उतरलो. त्या रस्त्याचा वास मला अजून येतो. ओली काळी माती, कापसाची पाती, एस.टी.चं डिझेल. सोबत बाई सुपारी कातरायच्या आणि मला शिव्या घालायच्या. असा सुखाचा प्रवास पुन्हा नशिबी आला नाही.

फाट्याला लागूनच किशनरावांचा आखाडा होता. शेतातलं घर, गोठा, कडब्याच्या गंजी. पुरानं एस.टी. बंद पडली म्हणून बाटल्यांची खोकी एक रात्र तिथं राहिली होती. किशनराव मोठे जमीनदार. बाजेवर बसवून त्यांनी आम्हाला ताक दिलं.

"लिंबाजीची जागा सुटली म्हनं," ते म्हणाले. "माझा भाचा हाय, दहावी पास. बघा जमलं तर."

"जागा सुटायच्या आधीच तुम्हाला कळलं होय?" बाईंनी विचारलं.

"आता गावात काय झाकून राहतंय, बाई? पन खोक्याला मी हात लावला न्हाई. दोरी जशी बांधून आली तशीच गेली. गड्याला इचारा."

"रात्री अजून कोण होतं?"

"रंगनाथ होता की. मुक्कामाला."

रंगनाथ म्हणजे बांधबंदिस्तीचा मुकादम. त्या वर्षी ढवळ्याच्या वरच्या अंगाला त्यानं नवे बांध घातले होते, आणि त्या पुरात निम्मे फुटले होते. बाटल्यांत माती निघाली असती तर त्याच्या कामाचा बोऱ्या वाजला असता. मी बाईंच्या कानात म्हणालो, "हाच. शंभर टक्के हाच."

"काल लिंबाजी शंभर टक्के होता," बाई म्हणाल्या.

रंगनाथ फुटलेल्या बांधावरच सापडला. गुडघाभर चिखलात उभा राहून गड्यांवर ओरडत होता. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. तो आधी चिडला, मग हसला.

"बाई, खरं सांगू? बाटल्या नितळ निघाल्या ऐकून मी नारळ फोडनार व्हतो. फायदा माझाच हाय. पन मी केलं आसतं तर सगळी माती काढली आसती का? थोडी ठिवली आसती. पुराचं पानी आन् आरशासारखं? शेंबडं पोर बी इश्वास ठिवनार न्हाई. एवढा खुळा दिसतो का मी?"

"नाही दिसत," बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. वाटेला लागल्यावर त्या आपल्याशीच पुटपुटत होत्या. मी दोनदा विचारलं तेव्हा थांबल्या.

"बरोबर बोलला तो. ज्याला काही लपवायचं असतं तो थोडी माती ठेवतो, बन्सी. ज्यानं सगळी काढली, त्याला ती काढणं चांगलं काम वाटलं."

"चांगलं काम? पुराच्या पाण्यातून माती काढणं?"

"चल. आधी विहीर बघू."

४

लिंबाजीच्या वस्तीची विहीर बांधीव, नवी. एक बाई पाणी शेंदत होती. सडसडीत, पांढरे केस चापून बसवलेले. नर्मदाबाईंनी तिच्याकडून घागरभर पाणी मागून घेतलं आणि साबण काढला. चोळ चोळ चोळला, फेस काही येईना. हातावर नुसता पांढरा चिकटा.

"या पान्याला फेस न्हाई येत, बाई," ती म्हणाली. "डाळ बी शिजत न्हाई. भारी पानी हाय. डाळीला आमी पावसाचं पानी धरून ठिवतो."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतली बाटली उघडली आणि तोच साबण त्या पाण्यात चोळला. दोन्ही हात कोपरापर्यंत फेसानं भरले.

मी तिथंच चौथऱ्यावर बसलो. बाटलीतलं पाणी हलकं होतं. पावसाचं, म्हणजे पुराचंच! विहिरीचं असणं शक्यच नव्हतं. लिंबाजी बारा तास पुलावर उभा राहून दोर ओढत होता, त्याशिवाय हाताची सालं निघाली नसती. आणि मी साहेबांकडं जाऊन त्याचं नाव सांगितलं होतं.

"आता नीट ऐक," बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पाणी पुराचं. मग माती कुठं गेली? नत्र पाण्यात विरघळतो, तो राहिला. स्फुरद मातीला धरून असतो, आणि तळाशी बसवणारं काही टाकलं तर जो विरघळलेला असतो तोही खाली जातो. बाटल्या सगळ्या सारख्या, म्हणजे त्या एकाच भांड्यात ओतल्या होत्या. चोविसावी अर्धी, कारण तळाचा गाळ भांड्यातच राहिला. घराघरांत पावसाळ्यात बायका काय करतात रे गढूळ पाण्याला?"

"तुरटी फिरवतात," मी म्हणालो. माझी आई रोज फिरवायची.

"आणि खोकी एक रात्र आखाड्यावर होती. त्याच्या आधी कुठं होती?"

मी उत्तर द्यायच्या आत, पाणी शेंदणाऱ्या त्या बाईच्या हातातला दोर सुटला आणि बादली धाडकन विहिरीत गेली.

"कोनाचं काय झालं, बाई?" तिनं विचारलं. "ह्यान्ला काय केलं साहेबांनी?"

ती मनकर्णा होती, लिंबाजीची बायको.

५

घर दोन खणांचं, पण सारवून लख्ख. लिंबाजी गोधडी पांघरून भिंतीशी बसला होता. आम्हाला बघितल्याबरोबर तो उठायला लागला.

"बाई, मी सांगितलंय की सगळं. मीच केलं. हिला काय बी इचारू नगा."

"तुमी गप बसा," मनकर्णा म्हणाली. "मला कळू द्या. नोकरी गेली?"

नर्मदाबाईंनी होकाराची मान हलवली. तिला कळलं. ती मटकन खाली बसली.

"मी केलं, बाई," ती म्हणाली. "दरवेळी हे पुलावरनंच एस.टी.त ठिवत्यात. या डावाला एस.टी. बंद, म्हनून खोकी घरी आली. हे तापानं फनफनलेले, पडले ते पडले. मी बाटल्या बघितल्या. निस्ता चिखल! समद्या रांजनात रिकाम्या केल्या, तुरटी फिरवली, बाटल्या राखेनं घासल्या. सकाळी फडक्यातनं गाळून भरल्या. बाटल्यांच्या गळ्याला चिठ्ठ्या व्हत्या, त्या सोडून ठिवल्या आन् परत बांधल्या, खोकी दोरीनं बांधून आखाड्यावर धाडली. चुकले का मी?"

"पण का, मनकर्णाबाई?" नर्मदाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आम्हाला ते गढूळच पाहिजे होतं."

"मला काय ठावं? ह्यांनी सांगितलं, परभनीचे साहेब पानी तपासत्यात. आमच्यात पाव्हन्याला गढूळ पानी देत नसत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरगी व्हते तवा मी हांडा घिऊन विहिरीवर उभी राहायची. कुनी वरनं ओतलं तर पानी. हांडा काठाला लागला तर शिव्या. आन् आता ह्यांनी भरलेलं पानी साहेब लोक हातात घिऊन बघायलेत, चिठ्ठीवर ह्यांचं नाव हाय. त्यात चिखल कसा धाडू? बघा म्हनले आसते, ह्यांच्या हातचं पानी गढूळ."

लिंबाजी मान खाली घालून बसला होता. साहेबांनी बाटली पुढं केली तेव्हाच त्यानं बायकोचं काम ओळखलं होतं, आणि अख्ख्या कचेरीनं बायकोला हसू नये म्हणून आठ वर्षांचं काम त्यानं एका शब्दात सोडून दिलं होतं.

माझे डोळे भरून आले. लपवायची गरज वाटली नाही. बाईंच्या डोळ्यांतून तर सरळ सरळ पाणी वाहत होतं, पण डोकं जागेवर होतं.

"रांजणाच्या तळाचा गाळ टाकून दिला का?"

"टाकीन कशी? चांगली माती हाय. चूल सारवायला परातीत ठिवलीय. सारवायची राहिलीच ह्यांच्या तापापायी."

परातीत काळा गाळ वाळून तडकला होता. बाईंनी कणन् कण झाडून, कुंचा मारून तो कागदात बांधला. परभणीला भट्टीत वाळवून तोलला तेव्हा एकशे ब्याऐंशी ग्रॅम भरला. माझ्या गणितानं चोवीस लिटरला एकशे ब्याण्णव सांगितले होते. एवढं जुळलेलं गणित मला पुन्हा कधी मिळालं नाही, आणि एवढा कमी आनंदही कधी झाला नाही.

व्यंकटराव साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ड्रॉवरमधून हुकूम काढला, सही केली आणि चष्म्याची काच पुसत बसले. "अहवालात लिहा," ते म्हणाले, "नमुने घरगुती कारणानं निवळले, एकूण गाळ सुरक्षित. त्या माउलीचं नाव नको." बाईंनी तेवढंच लिहिलं.

६

हुकूम घेऊन मीच गेलो. बाईंनी मुद्दाम धाडलं, एकट्याला. लिंबाजी पुलावर होता, हाताला चिंधी बांधून पिंजरा दुरुस्त करत होता. नाला ओसरून घोट्याएवढा झाला होता. हुकूम त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवला, वरून हात दाबला.

मला माफी मागायची होती. शब्द जुळवून आणले होते. पण ऐन वेळी मी भलतंच विचारून बसलो.

"लिंबाजी, बायकोला वाचवायचं होतं हे कळलं. पण तुम्ही पुलावर होतात एवढं तरी सांगायचं. बारा तास पुरात उभे होतात, हात सोलले होते. तेही का नाही सांगितलं?"

त्यानं पिंजरा बाजूला ठेवला. रागावला नव्हता. खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"साहेब, मी पुलावर व्हतो म्हनलं आसतं, तर तुमी खरं मानलं आसतं का?"

नाला वाहत होता. शेजारून एक एस.टी. गेली, पूल हलला. मला त्याच्याशी खोटं बोलता आलं असतं. साधं हो म्हणायचं होतं, त्याला बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही," मी म्हणालो.

लिंबाजीनं मान हलवली आणि दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा मंग," तो म्हणाला. "गाठ मारायचीय."